कॅथीड्रलमधल्या संध्याकाळच्या उपासनेत आजचं कोरल आणि ऑर्गन संगीत ऐकणं

रानजाई

नमस्कार मंडळी. पाश्चात्य अभिजात संगीतावर इथे अधूनमधून धागे निघतात, पण ते बहुतेक सिंफनी, ऑपेरा आणि पियानोभोवती फिरतात. इंग्लंडमधल्या कॅथीड्रलांत, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चांत, रोज संध्याकाळी गायल्या जाणाऱ्या ‘इव्हनसाँग’बद्दल कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला राहते. कामावरून परतताना जमेल तेव्हा वाट वाकडी करून विंचेस्टर कॅथीड्रलला जाते. मी ख्रिस्ती नाही, आणि तिथे मला कुणी कधी विचारलंही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गेल्या साठेक वर्षांतलं कोरल संगीत पहिल्यांदा ऐकायचं असेल तर मैफलीच्या हॉलपेक्षा इव्हनसाँग ही कितीतरी चांगली जागा आहे.

आधी थोडी रचना सांगते. १५४९ साली थॉमस क्रॅनमरने इंग्रजी प्रार्थनापुस्तक तयार केलं. त्यात मठांमधल्या संध्याकाळच्या आणि झोपण्यापूर्वीच्या अशा दोन उपासना एकत्र करून एक केली. आज बहुतेक ठिकाणी वापरतात तो पाठ १६६२चा. सुरुवातीला पुरोहित आणि कॉयर (गायकवृंद) यांची गायलेली प्रश्नोत्तरं, मग त्या दिवसाची स्तोत्रं, बायबलमधला एक उतारा, ‘मॅग्निफिकॅट’ म्हणजे मरीयेचं गीत, दुसरा उतारा, ‘नुंक दिमितिस’ म्हणजे म्हाताऱ्या शिमोनाचं गीत. त्यानंतर प्रार्थना, मग अँथम म्हणजे कॉयरने गायलेलं एक स्वतंत्र भक्तिगीत, आणि शेवटी ऑर्गनवर व्हॉलंटरी म्हणजे नुसत्या वाद्यावरची रचना. सगळं पाऊण तासात आटोपतं. आपल्याकडे देवळात शेजारती होते, समोर दहा माणसं असोत नाहीतर हजार, तशी ही होते. श्रोते आले म्हणून ती होत नाही आणि नाही आले म्हणून थांबत नाही.

स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलेली आहेत. पंधरा तारखेच्या संध्याकाळी एकच स्तोत्र असतं, अठ्ठ्याहत्तरावं, त्र्याहत्तर ओव्यांचं. (आता सगळीकडे ते पूर्ण गात नाहीत. जिथे गातात तिथे मुद्दाम जावं.)

या साच्यात दोन गीतांचे शब्द रोज तेच, चाल मात्र रोज वेगळी. म्हणजे सोमवारी सोळाव्या शतकातली, मंगळवारी व्हिक्टोरियन, गुरुवारी आज हयात असलेल्या संगीतकाराची. नव्या संगीताची मागणी इथे कधी संपतच नाही, कारण उद्याही मॅग्निफिकॅट गायचंच आहे.

आता विंचेस्टरबद्दल. जोनाथन हार्वी (१९३९–२०१२) हा ब्रिटनमधल्या अत्यंत धाडसी संगीतकारांपैकी एक. पॅरिसच्या इर्कॅम या संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीतावर काम केलेला माणूस. त्याचा मुलगा विंचेस्टरच्या कॉयरमध्ये गात होता, आणि मार्टिन नेअरी तेव्हा तिथे संगीत बघत होते. त्या काळात हार्वीने या कॉयरसाठी लिहिलेलं संगीत आजही ऐकताना अंगावर येतं. १९७६चं ‘आय लव्ह द लॉर्ड’ घ्या. एकशे सोळाव्या स्तोत्राचे शब्द. कॉयरचे दोन भाग. जी मेजरचा अगदी साधा, स्वच्छ स्वरमेळ पायाशी धरून ठेवलेला असतो, आणि मृत्यूच्या यातनांचे शब्द आले की दुसरा गट त्याच्या अंगावर विसंवादी स्वर चढवत जातो. पण पहिला स्वरमेळ हलत नाही. मैफलीत ऐकलं असतं तर मी बहुधा ‘हे बायटोनल आहे’, म्हणजे एकाच वेळी दोन स्वरपट्ट्यांत आहे, एवढं ओळखून मोकळी झाले असते. इथे त्याआधी पंधरा मिनिटं एकसुरी चालीवर स्तोत्रं ऐकलेली असतात, कान निवलेला असतो. त्या कानाला तो न हलणारा स्वरमेळ आधी ऐकू येतो, विसंवाद नंतर.

१९८४चं ‘कम, होली घोस्ट’ तर याहून पुढचं. एका गळ्यातून जुनी ग्रेगोरियन (मध्ययुगीन चर्चमधली, साथीविना गायची) धून सुरू होते, मग एकेक कडव्याला आवाज वाढत जातात. पुढे एक जागा येते जिथे गायक दिलेली ओळ आपापल्या गतीने गातात, कुणी कुणासाठी थांबत नाही. दगडी छताखाली त्या सगळ्या ओळींचा एक ढग होतो. कंडक्टर त्या वेळी जवळजवळ स्तब्ध असतो, आणि आठ-दहा वर्षांची पोरं आपापली ओळ धरून न घाबरता गात असतात. मी समोरच्या बाकावरून त्यांचे चेहरे पाहिलेत. त्यांना हे संगीत ‘अवघड’ आहे असं कुणी सांगितलेलं नसावं.

आणि टाळ्या नाहीत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पाच मिनिटांपूर्वी ऐकलेली रचना आवडली की नाही हे ठरवायची, दाखवायची जबाबदारीच नसते. लगेच पुढची प्रार्थना सुरू होते.

इथे आणखी कुणी ऐकतं का? कुठे, काय ऐकलंत? ऑर्गनबद्दल माझं ज्ञान तुटपुंजं आहे, जाणकारांनी लिहावं.

---

चौकस

धागा आवडला, वाचनखूण साठवली. काही सरळ प्रश्न. तिकीट लागतं का? उठाबस करावी लागते का? आणि आज काय गाणार आहेत हे आधी कळतं का?

---

रानजाई

चौकस, तिकीट नाही. दिवसा कॅथीड्रल बघायला पैसे घेतात तिथेही उपासनेला येणाऱ्याला फुकट सोडतात. पंधरा-वीस मिनिटं आधी जा आणि कॉयरच्या कोरीव लाकडी बाकांवर बसायला मिळेल का ते दारातल्या स्वयंसेवकाला विचारा, बहुतेक ठिकाणी बसू देतात. तिथे बसलं की गायक दोन्ही अंगांना हाताच्या अंतरावर असतात. एका बाजूला ‘डेकानी’ म्हणतात, दुसरीला ‘कँटोरिस’, आणि स्तोत्राच्या ओव्या या बाजूकडून त्या बाजूकडे जात राहतात. इतर उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. तोंडाने काही म्हणायची सक्ती नाही.

महिन्याची म्युझिक लिस्ट प्रत्येक कॅथीड्रलच्या संकेतस्थळावर असते. त्यात ‘हॉवेल्स, कॉलेजियम रेगाले’ असं त्रोटक लिहिलेलं असतं, म्हणजे त्या दिवशीची दोन्ही गीतं त्या संगीतकाराची. शाळांना सुट्टी असते तेव्हा घरचा कॉयर नसतो, बाहेरगावचे पाहुणे कॉयर येतात. तेही पुष्कळदा छान गातात, पण नवं आणि अवघड ऐकायचं तर शाळा सुरू असताना जा.

---

पायपेटी

ऑर्गनवर लिहितो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो. गंधर्व नाटक मंडळीच्या पदांमागे वाजायचा तो. त्यात पितळी पत्त्या असतात, पायाने भाता मारायचा. कॅथीड्रलमधला ऑर्गन हवेवरच चालतो, पण त्यात हजारो नळ्या असतात. लिव्हरपूल अँग्लिकन कॅथीड्रलच्या ऑर्गनमध्ये दहा हजारांच्या वर आहेत. सगळ्यात लांब नळी बत्तीस फुटी, तिचा खालचा सा (पांढरी एक धरून म्हणतोय) सेकंदाला साधारण सोळा कंपनांचा. तो कानाला सूर म्हणून नीट लागतच नाही. बाकाच्या लाकडातून मांड्यांना, पाठीला लागतो. रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच येणार नाही, म्हणून ऑर्गनसाठी प्रत्यक्ष जाण्याला पर्याय नाही.

नव्या संगीतकारांनी विशिष्ट वाद्याचा विशिष्ट आवाज डोक्यात ठेवून लिहिलेलं आहे. मायकेल टिपेटने केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या ४५० व्या वर्षानिमित्त १९६१ साली दोन गीतं रचली. तिथल्या ऑर्गनला ‘ट्रॉम्पेटा रियाल’ नावाचा स्टॉप (एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांचा संच) आहे, तुतारीसारखा, समोर रोखलेला. मॅग्निफिकॅट त्याच आवाजाने उघडतं. आणि नुंक दिमितिसमध्ये एकटा बालगायक वर गातो, खाली कॉयर दबक्या स्वरमेळात, आणि मधूनमधून ऑर्गन लांबवर गडगडल्यासारखा वाजतो. वृद्ध शिमोनाच्या शांतपणे निरोप घेण्याच्या शब्दांना इतकं अस्वस्थ संगीत दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही. मला ते पटतं. मरणाला तयार असलेल्या माणसाच्या भोवतालचं जग काही शांत झालेलं नसतं.

आता एक गोष्ट जी मराठी माणसाला माहीत असायलाच हवी. उपासना संपल्यावरची व्हॉलंटरी पुष्कळदा ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराची असते. स्वर्गारोहणाच्या सणाला ‘त्रांस्पोर द ज्वा’ (१९३४), नाताळात ‘द्यू पार्मी नू’ (१९३५). दुसरीच्या सुरुवातीला स्वरमेळ वरून कोसळत पायपट्टीच्या तळापर्यंत येतात, देव माणसांत उतरला याचं ते चित्र आहे. या मेसियाँच्या लयविचाराचा एक मोठा पाया म्हणजे ‘संगीतरत्नाकर’! शार्ङ्गदेवाने तालाध्यायात दिलेली १२० देशी तालांची यादी त्याला एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि आयुष्यभर त्याने ती वापरली. त्याच्या लेखनात ‘रागवर्धन’, ‘लक्ष्मीश’, ‘चंद्रकला’ ही नावं जशीच्या तशी येतात. आणि शार्ङ्गदेव होता देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी, तेराव्या शतकात. म्हणजे आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर. देवगिरीत लिहिलेली यादी इंग्लंडमधल्या कॅथीड्रलच्या ऑर्गनपर्यंत पोचलेली आहे, हे मी जमेल त्याला सांगत असतो.

---

सम_गाठली

@पायपेटी, भन्नाट माहिती. तबला वाजवतो म्हणून विचारतो, ऐकताना ते ताल म्हणून कळतात का?

---

पायपेटी

नाही, आणि तशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्याकडे ठेका नाही, सम नाही, आवर्तन आपल्या अर्थाने नाही. तो इथे येऊन कुणाकडे शिकलेला नव्हता, त्याने यादीतल्या मात्रांची लांबी-आखूडी घेतली. रागवर्धनात त्याला दिसलं की एका ठरीव चालीत मध्येच अर्धी मात्रा वाढवली की लय पाश्चात्य ठोक्यातून सुटते. उलटसुलट वाचली तरी तीच राहणारी लयही त्याने त्यातूनच विकसित केली. तुम्हाला ऐकताना जाणवेल ते एवढंच की हाताने टाळी धरता येत नाही, तरीही सगळं कमालीचं बांधीव आहे. तुमच्यासारख्या लयीच्या माणसाला तर हे इतरांच्या आधी जाणवेल.

---

विलास_दे

थोडा वेगळा सूर लावतो. मी उत्तरेत, डरॅमला बरीच वर्षं आहे आणि इव्हनसाँगला नियमित जातो. हर्बर्ट हॉवेल्सपर्यंत माझा जीव रमतो. त्याचं ‘कॉलेजियम रेगाले’ (१९४५) किंवा ‘ग्लॉस्टर’ (१९४६) ऐकताना डोळे भरून येतात. नऊ वर्षांचा मुलगा १९३५ साली गेला, ते दुःख त्याच्या पुढच्या सगळ्या संगीतात पाझरलंय असं मला वाटतं. पण त्यानंतरचं बरंचसं संगीत मला उपासनेत खटकतं. दिवसभर राबून माणूस संध्याकाळी तिथे टेकायला येतो. त्याला कुजबुज, घसरते स्वर, एकमेकांवर आदळणारे आवाज का ऐकवायचे? त्याची जागा मैफलीत आहे. शिवाय ते बसवायला मुलांचा किती वेळ जातो! सकाळी शाळेआधी तालीम, संध्याकाळी गाण्याआधी तालीम. तेवढ्या वेळात तीन जुनी गीतं घासूनपुसून लख्ख झाली असती.

---

उपासना_नगर

मी नगरची, आता लीड्सला. आमच्या घरी तीन पिढ्यांचा ख्रिस्ती धर्म आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी फक्त संगीताचा नाही.

विलासदादा, तुमचं दुखणं समजतं. पण मॅग्निफिकॅटचे शब्द जरा नीट बघा. एका खेड्यातली गरीब, लग्नाआधी गरोदर राहिलेली पोर म्हणतेय की देवाने सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना भरभरून दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने घालवलं. हे शब्द टेकायला आलेल्या माणसाला विसावा देण्यासाठी नाहीतच. रोज संध्याकाळी ते सुंदर, गुळगुळीत चालीत गायले की ऐकणाऱ्याला त्यातली आग लागेनाशी होते. जाइल्स स्वेनचं मॅग्निफिकॅट (१९८२, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चसाठी) मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताठ बसले. सेनेगलमधल्या जोला लोकांच्या गाण्याच्या हाकेने ते सुरू होतं. ऑर्गन नाही, नुसते गळे, आणि लय अशी की बाकावर गप्प बसवत नाही. तेव्हा वाटलं, हो, मरीया अशी गायली असेल. शेतात काम करणाऱ्या बायका जशा मोकळ्या गळ्याने गातात तशी.

आमच्या रेव्हरंड टिळकांनी हेच केलं होतं. भाषांतरित इंग्रजी चालींवरची गीतं मंडळीत चालू असताना त्यांनी अभंगात, भजनात ख्रिस्त गायला. तेव्हाही ‘हे उपासनेत शोभतं का’ असं वाटणारे असतीलच. आज तीच पदं आमच्या आज्यांना तोंडपाठ आहेत.

रानजाईताई, एका बाबतीत तुमच्याशी मतभेद. तुम्ही म्हणता की कुणी आवडनिवड विचारत नाही म्हणून ऐकणं सोपं होतं. माझ्यासाठी ते सोपं होतं कारण मी शब्दांबरोबर प्रार्थना करत असते, संगीत त्या प्रार्थनेला ढकलतं किंवा अडवतं. कधीकधी अडवणारं संगीतच कामाचं ठरतं.

---

रानजाई

उपासनाताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला वजन आलं. मी शब्द वाचते, पण तुमच्यासारखी त्यांच्या आत उभी नसते, हा फरक मान्यच आहे.

विलासदादा, मुलांच्या वेळेबद्दल मात्र मला वेगळं दिसतं. हार्वीची १९८०ची एक इलेक्ट्रॉनिक रचना आहे, ‘मॉर्तुओस प्लांगो, विवोस वोको’. त्यात दोनच मूळ आवाज आहेत: विंचेस्टरची सगळ्यात मोठी घंटा आणि तिथेच गाणाऱ्या त्याच्या मुलाचा गळा. घंटेवर लॅटिनमध्ये कोरलंय की मी उडून जाणारे तास मोजते, मेलेल्यांसाठी रडते, जिवंतांना प्रार्थनेला बोलावते. संगणकावर त्याने घंटेच्या नादातले सुटे स्वर वेगळे काढले आणि मुलाच्या आवाजात विरघळवले. रोज गाणाऱ्या पोरांच्या संगतीत राहिल्याशिवाय त्याला हे सुचलं नसतं. आणि ज्या मुलांना नऊ-दहाव्या वर्षी सोळाव्या शतकातला टॅलिस आणि आजच्या काळातला हार्वी एकाच आठवड्यात गायला मिळतात, त्यांच्या कानाला ‘जुनं’ आणि ‘नवं’ अशी भिंतच राहत नाही. तालमीचा वेळ यापेक्षा चांगला कुठे जाणार? १९९१ साली सॅलिसबरीने मुलींचा कॉयर सुरू केला आणि पाठोपाठ इतर कॅथीड्रलांनीही, त्यामुळे आता ही संधी मुलींनाही आहे.

---

मनवा

लंडनकरांसाठी दोन शब्द. सेंट पॉल्समध्ये घुमटाखाली आवाज आठ-नऊ सेकंद रेंगाळतो. हॉवेल्सने १९५१मध्ये तिथल्यासाठी लिहिलं तेव्हा स्वरमेळ सावकाश बदलत ठेवले, नाहीतर सगळ्याचा काला झाला असता. झरझर बदलणारं नवं संगीत तिथे ऐकायला गेलात तर निराश व्हाल, ते छोट्या जागेत ऐका. मे महिन्यात यूस्टनजवळच्या सेंट पँक्रस चर्चमध्ये समकालीन चर्च-संगीताचा महोत्सव भरतो, २००२ पासून. कॅथीड्रल नाही ते, पण तिथल्या इव्हनसाँगमध्ये अथपासून इतिपर्यंत आजच्या संगीतकारांचं ऐकायला मिळतं.

ज्यांना हार्वी एकदम जड जाईल त्यांनी जोनाथन डव्हच्या ‘सीक हिम दॅट मेकेथ द सेव्हन स्टार्स’पासून (१९९५) सुरुवात करावी. ऑर्गनच्या उजव्या हाताला चांदण्या लुकलुकाव्यात तशी एक छोटी आकृती सारखी फिरत राहते आणि कॉयर ‘सीक हिम’ एवढे दोनच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत पुढे सरकतो. विलासकाका, हे तुम्हालाही आवडेल, पैज लावते.

---

विलास_दे

मनवा, डव्हचं ते ऐकलंय आणि आवडतंच. जेम्स मॅकमिलनचं ‘अ न्यू साँग’ही आवडतं. म्हणजे नव्याशी माझं वैर नाही. पण उपासनाताईंचा मुद्दा डोक्यात राहिला. मॅग्निफिकॅटच्या शब्दांकडे मी फार दिवस ‘हॉवेल्सचे शब्द’ म्हणूनच ऐकत आलो. स्वेनचं कुठे लागलं यादीत तर जाईन. हार्वीबद्दल अजून ठाम आहे: रविवारी ठीक, आठवड्याच्या मधल्या थकलेल्या दिवशी नको.

---

चौकस

सगळ्यांचे आभार. ऑगस्टमध्ये एडिनबरोला जाणं आहे. तिथे काही?

---

मनवा

नक्की. हेमार्केट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट मेरीज एपिस्कोपल कॅथीड्रल आहे. आर्वो पार्ट या एस्टोनियन संगीतकाराने २००१ साली ‘नुंक दिमितिस’ त्याच कॉयरसाठी लिहिलं. आणि मुलींना बालगायक म्हणून घेण्यात ते इंग्लंडच्याही पुढे होते, १९७८पासून. पार्टचं त्या दिवशी यादीत असेलच असं नाही, पण ऑगस्टमध्ये तिथे महोत्सवाचे दिवस असतात, म्युझिक लिस्ट जुलैअखेर बघून ठेवा. पार्ट लागलं तर ‘लुमेन’ (लॅटिनमध्ये प्रकाश) शब्दाच्या आसपास लक्ष द्या. तिथपर्यंत आवाज राखून ठेवलेला असतो.

---

पायपेटी

आणि व्हॉलंटरी सुरू झाली की लोक उठून गप्पा मारत बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर निघू नका. बसून राहा. शेवटचा स्वर संपला की वादक खाली येतो, त्याला जाऊन काय वाजवलंत ते विचारा. फार थोडे विचारतात, त्यामुळे मनापासून सांगतात. मला तर एकाने वर नेऊन वाद्य दाखवलं होतं.